रेंजवर काडतुसं भरायची, तर कोणती साधनं सोबत न्यावीत?

रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, रीलोडिंग (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं पितळी कवच, म्हणजे केस, पुन्हा भरणं) करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी विचारतात, केस दाबायचा आणि गोळी बसवायचा प्रेस कोणता घेऊ? खरं तर हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की रेंजवर नेमकं कोणतं काम करणार आहात. दुसरा, ते काम ज्या टेबलावर होणार ते टेबल कसलं आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की यादीतल्या निम्म्या वस्तू गळून पडतात, आणि उरलेल्या पैशांत एखादी खरोखर चांगली वस्तू घेता येते.

हा आढावा अमेरिकेतल्या, सेंटरफायर बोल्ट रायफल वापरणाऱ्या आणि घरी रीलोडिंगचा सराव असलेल्या वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. राज्याचे, शहराचे आणि रेंजचे नियम मात्र वेगवेगळे असतात, ते आधी पाहावेत. भारतात शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे यातलं काहीही तिथे करून पाहायचं नाही. जर्मनीत पावडर विकत घ्यायलाच स्फोटकांच्या कायद्याखाली वेगळी परवानगी लागते.

आणखी एक गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. मराठी वाचकाला रायफल नेमबाजी ओळखीची झाली ती कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांच्या २०१०च्या म्युनिकमधल्या जागतिक सुवर्णामुळे आणि स्वप्निल कुसाळे यांच्या २०२४च्या पॅरिसमधल्या ऑलिंपिक कांस्यामुळे. ते ५० मीटरचे प्रकार .२२ रिमफायरवर होतात. रिमफायरमध्ये पेटणारं मिश्रण केसच्या पितळी काठातच भरलेलं असतं. फायरिंग पिनने तो काठ एकदा चेपला की केस संपली. म्हणून तिथले नेमबाज काडतुसं भरत नाहीत. वेगवेगळे लॉट (कारखान्यात एकत्र बनलेल्या काडतुसांच्या तुकड्या) आपल्या बॅरलवर तपासून चांगला लॉट उचलतात. रीलोडिंग होतं ते सेंटरफायरचं, कारण त्यात केसच्या तळाशी मधोमध बसवलेला प्रायमर, म्हणजे पेटवणारी छोटी टोपी, वापरल्यावर काढून नवा बसवता येतो.

रेंजवर भरण्याची परंपरा आली बेंचरेस्टमधून, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून गोळ्या जवळजवळ घालण्याच्या स्पर्धांतून. १०० आणि २०० यार्डांच्या सामन्यांत नेमबाज पंधरा-वीस केस घेऊन येतो आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये त्याच केस पुन्हा भरतो. १९७५मध्ये लू पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी तयार केलेलं ६ पीपीसी हे त्या जगातलं मुख्य काडतूस, आणि त्यात अनेक जण विटावुओरीची एन१३३ पावडर वापरतात. ही पावडर हवेतल्या ओलाव्याला आणि तापमानाला दाद देते. सकाळच्या गारव्यात एका छिद्रात पाच गोळ्या घालणारं मिश्रण दुपारी उभी रेघ काढू लागतं, म्हणून पावडर तिथल्या तिथे बदलावी लागते. जागेवर भरण्याचं हे खरं कारण. तुमची गरज अशी नसेल, म्हणजे ३०० किंवा ६०० यार्डांसाठी .३०८ विंचेस्टर किंवा ६.५ क्रीडमूरचा एक चांगला भार (पावडरचं वजन आणि गोळीची जुळणी) शोधायचा असेल, तर अख्खं वर्कशॉप रेंजवर नेण्याची गरज नाही.

घरी काय, रेंजवर काय

वापरलेल्या केसवर क्रमाने ही कामं होतात: प्रायमर काढणं, साइझिंग (झाडून फुगलेली केस डाय नावाच्या साच्यात दाबून मापात आणणं), स्वच्छता, लांबी कापणं, नवा प्रायमर बसवणं, पावडर घालणं, गोळी बसवणं. यात सगळ्यात जोर लागतो तो फुल लेंग्थ, म्हणजे पूर्ण केसच्या, साइझिंगला. तेच एक काम घरी ठेवलं तर रेंजवर जड प्रेस लागतच नाही. लांबी कापणं आणि टंबलर (केस साफ करणारं यंत्र) घरीच. प्रायमरही घरी शांतपणे बसवलेले बरे. उरतात पावडर आणि गोळी.

त्यातली पावडरही वगळता येते, आणि ही युक्ती फार कमी लोक वापरतात. गोळी किती खोल बसवायची एवढंच शोधायचं असेल तर काडतुसं घरीच पूर्ण भरा, फक्त गोळ्या थोड्या लांब बसवा. रेंजवर त्या मायक्रोमीटर सीटरने (गोळी मोजून आत बसवणाऱ्या डायने) ०.००३ किंवा ०.००५ इंचाच्या टप्प्याने आत ढकला. पाच गोळ्या एका खोलीवर, पुढच्या पाच त्याहून आत. आत ढकलणं सोपं असतं. बाहेर ओढायला पुलर लागतो आणि केसच्या मानेची, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाची, पकड बदलते. पथ्यं दोन. पहिलं, सुरुवातीची लांबी इतकी नको की गोळी रायफलिंगमध्ये (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचांत) रुतेल. रुतली तर दाब वाढतो, आणि न झाडता काडतूस बाहेर काढायला गेलात तर गोळी बॅरलमध्ये अडकून पावडर ॲक्शनमध्ये (बोल्ट चालतो त्या भागात) सांडते. दुसरं, रीलोडिंगच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या लांबीपेक्षा बरंच आत जायचं नाही, कारण केसमधली जागा कमी झाली की दाब चढतो. पावडर काठोकाठ दाबून भरलेली असेल तर ही पद्धत सोडून द्या. दाबलेली पावडर गोळीला पुन्हा वर रेटते आणि मोजलेली खोली तशी राहत नाही.

या एका कामासाठी रेंजवर लागतो आर्बर प्रेस, सीटर डाय, व्हर्नियर कॅलिपर आणि गोळीच्या वळणापासून मोजणारा कंपॅरेटर. चारही वस्तू बुटांच्या खोक्यात मावतात.

टेबलाचा प्रश्न

साध्या प्रेसचं हँडल खाली दाबलं की तो जोर प्रेसला टेबलावरून उपटू पाहतो. घरी प्रेस जाड लाकडाला बोल्टने आवळलेला असतो, म्हणून हे जाणवत नाही. रेंजवरची टेबलं बहुधा सिमेंट काँक्रीटची, तीन-चार इंच जाड आणि गोल काठाची. चार इंची सी-क्लॅम्प त्यांवर बसतच नाही, सहा इंची लागतो. काठाखाली पाय जोडलेला असेल तर तोही बसत नाही. पत्र्याच्या पायांवर उभं लाकडी टेबल असेल तर प्रेस हलत नाही, टेबलच डुलतं, आणि शेजारच्या नेमबाजाची दुर्बीणही त्यासोबत हलते. अशाने भांडणं होतात.

आर्बर प्रेसचं तसं नाही. त्याचा दांडा सरळ खाली येतो, खाली त्याचाच पाया असतो, आणि सगळा जोर चौकटीच्या आतच मिटतो. टेबलावर नुसता ठेवला तरी काम होतं, गाडीच्या सपाट टपावरही होतं. हातात धरायच्या प्रेसचंही तेच: दोन्ही दांडे एकमेकांकडे दाबायचे, टेबलाला काही कळतही नाही. म्हणून रेंजचं टेबल कसं आहे हे ठाऊक नसेल तर आर्बर किंवा हँड प्रेस, आणि ओळखीचं, मजबूत, लाकडी काठाचं टेबल असेल तर क्लॅम्पवाला प्रेस.

साइझिंग रेंजवरच करायचं असेल तर स्वतःचं टेबल नेणं उत्तम. ब्लॅक अँड डेकरचं घडीचं वर्कमेट यासाठी फार जण वापरतात. त्याच्या दोन फळ्या शिकंज्यासारख्या आवळतात. प्रेस दीड इंच जाड, साधारण ८ बाय १२ इंचांच्या टणक लाकडी फळीवर बोल्टने बसवा, फळीच्या खालच्या बाजूला मधोमध एक २ बाय ४ची पट्टी स्क्रूने जोडा आणि ती पट्टी वर्कमेटच्या जबड्यात धरा. प्रेस फळीच्या अगदी पुढच्या काठाशी बसला पाहिजे, नाहीतर हँडल किंवा रॅम (केस वर-खाली नेणारा दांडा) खाली जाताना फळीला अडतो. बोल्टखाली रुंद वॉशर घाला. नसेल तर पन्नासेक केसनंतर बोल्टचं डोकं लाकडात रुतून प्रेस ढिला होतो. वर्कमेटच्या खालच्या पायरीवर एक पाय ठेवून काम केलं की टेबल उचललं जात नाही. पिकअप ट्रक असेल तर मागच्या दोन इंची हिच रिसिव्हरमध्ये बसणारे प्रेसचे स्टँडही मिळतात. साइझिंगला ते अतिशय भक्कम, पण पावडरला निरुपयोगी, कारण गाडीच्या मागे वारा थेट अंगावर येतो.

प्रेस: एकेकाबद्दल

ली प्रिसिजनचा ब्रीच लॉक हँड प्रेस हा स्वस्तातला. नेहमीचे ७/८-१४ आट्यांचे डाय त्यात बसतात, त्यामुळे घरचेच डाय नेता येतात. डाय धरणारं बुशिंग फिरवून डाय क्षणात बदलतो आणि जुळणी ढळत नाही. वापरलेले प्रायमर पोकळ रॅममध्ये साठतात, टेबलावर कचरा होत नाही. .२२३ रेमिंग्टनचं फुल लेंग्थ साइझिंग त्यावर सहज होतं. .३०८ होतं, पण पन्नास केसनंतर मनगटं बोलू लागतात. .३०-०६ आणि मॅग्नम केसना तो नको. खरी अडचण ताकदीची नाही, सारखेपणाची आहे. हात थकला की दांडे शेवटपर्यंत मिटत नाहीत, आणि केसचा खांदा (मानेखालचा उतार) एका केसवर ०.००१ इंच मागे जातो, दुसरीवर जागचा हलत नाही. मग तीच केस बोल्ट बंद होताना अडते आणि दोष डायला दिला जातो. उपाय असा की प्रत्येक केसवर दांडे पूर्ण मिटवून दोन सेकंद धरायचे आणि दर पाचवी केस कंपॅरेटरने मोजायची. गोळी बसवायला मात्र हा प्रेस छान आहे. नुसती मान साइझ करून गोळी बसवायची असेल तर थोड्या पैशांत याहून चांगलं काही मिळणार नाही.

ली क्लासिक लोडर ही वेगळीच चीज. प्रेसच नाही, डाय, दांडा आणि पावडरचा एक चमचा, बाकी सगळं हातोडीने ठोकून. ली लोडरची सुरुवात १९५८मध्ये झाली. त्यात फक्त मान साइझ होते, म्हणून केस त्याच बोल्ट रायफलमधून झाडलेली असावी लागते. सेमी-ऑटो किंवा लिव्हर ॲक्शनला तो चालत नाही. हातोडी रबरी किंवा नायलॉनची घ्या, लोखंडी नको. रानात, जत्थ्यापासून दूर, आठवडाभराच्या शिकारीच्या मुक्कामाला तो चांगला सोबती आहे. गर्दीच्या रेंजवर नको. प्रायमर हातोडीनेच बसवायचा असतो आणि तो अधूनमधून फुटतो. डोळ्यांवर चष्मा आणि पावडर दूर असेल तर इजा सहसा होत नाही, पण बंदुका खाली ठेवलेल्या असताना अचानक असा आवाज झाला तर रेंज ऑफिसर तुम्हाला गाशा गुंडाळायला सांगेल, आणि ते रास्तच आहे.

लायमनचं ३१० हे अडकित्त्यासारखं साधन अजून चाहत्यांच्या हातात दिसतं. त्याचे डाय त्याचेच, नेहमीच्या आट्यांचे नाहीत. .४५-७०सारख्या कमी दाबाच्या, शिशाच्या ओतीव गोळ्यांच्या काडतुसांना ते शोभतं. आधुनिक काडतुसासाठी नव्याने घेण्यात अर्थ नाही.

हॅरेल्स प्रिसिजनचे लहान प्रेस बेंचरेस्टच्या रेंजवर जागोजागी दिसतात, आणि ते योग्यच आहे. व्हर्जिनियातल्या सेलममध्ये ते बनतात. आकाराने लहान, क्लॅम्पने काठाला आवळता येतात, आणि ६ पीपीसीसारख्या आखूड केसला लागतो तेवढा जोर आरामात देतात. त्यातला जोड प्रेस मला सगळ्यात पटतो: एका बाजूला ७/८-१४चा साइझिंग डाय, दुसऱ्या बाजूला सीटरसाठी आर्बर. एकच क्लॅम्प, एकच वस्तू. किंमत लीच्या कित्येक पट आहे. महिन्यातून एकदा रेंजवर जाणाऱ्याने ती मोजू नये. दर शनिवार-रविवार सामन्याला जाणाऱ्याने मोजावी. लांब केसच्या शिकारी काडतुसांना त्याचा उपयोग नाही, कारण रॅमची चाल आखूड आहे.

आर्बर प्रेसमध्ये के अँड एमचा जोर दाखवणारा प्रेस विशेष. गोळी आत जाताना किती जोर लागला ते काट्यावर दिसतं. एकाच तुकडीतल्या दहा गोळ्यांना सारखा जोर आणि आणखी दोन गोळ्यांना दुप्पट लागला, तर त्या दोन केसच्या मानेची पकड वेगळी आहे. त्या वेगळ्या ठेवून फैरी झाडण्याआधी सरावासाठी वापराव्यात. १०० यार्डांच्या हौशी नेमबाजाला या काट्याची गरज नाही. ६०० आणि १००० यार्डांवर जाणाऱ्याला तो खूप काही सांगतो.

सीटर आणि मानेचा डाय

आर्बर प्रेससोबत एल. ई. विल्सनचे डाय. वॉशिंग्टन राज्यातल्या कॅशमिअरमध्ये बनतात, आट्या नसतात. केस डायच्या पोटात चेंबरसारखी पूर्ण बसते आणि गोळी तिच्या तोंडाशी सरळ रेषेत उतरते, म्हणून काडतूस वाकडं होण्याची शक्यता फार कमी. मायक्रोमीटर डोक्याचाच घ्या. त्यावर ०.००१ इंचाची खूण असते, आणि वर सांगितलेली खोलीची चाचणी त्यावाचून होत नाही. साधा विल्सन सीटर वॉशर घालून जुळवावा लागतो, आणि वाऱ्यात ते चिमुकले वॉशर गवतात पडले की सापडत नाहीत.

मानेचा डाय बुशिंगवाला (बदलता येणाऱ्या कड्याने मान आवळणारा) घेतला तर बुशिंग निवडण्याचा हिशेब असा. गोळी बसवलेल्या काडतुसाची मान कॅलिपरने, शक्य तर मायक्रोमीटरने, मोजा. समजा .३०८मध्ये ती ०.३३६ इंच आली. त्यातून ०.००२ वजा करा: ०.३३४चं बुशिंग. पकड ढिली वाटली तर ०.३३३. केसचा ब्रँड बदलला की पितळेची जाडी बदलते आणि हा हिशेब पुन्हा करावा लागतो. नुसती मान साइझ करत राहिलात तर काही फेऱ्यांनी केस चेंबरभर फुगते आणि बोल्ट घट्ट लागतो. त्या दिवशी घरी जाऊन फुल लेंग्थ साइझिंग करायचं आणि खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे न्यायचा. रेंजवर जोर लावून बोल्ट बंद करत राहू नये.

रेंजवर साइझिंग करणाऱ्यांची एक नेहमीची चूक: नुकतीच झाडलेली केस गरम असतानाच डायमध्ये घालणं. गरम पितळ मोजलं तर माप खोटं येतं, आणि केसला लावलेलं वंगणाचं वॅक्स पातळ होऊन पुसलं गेलं तर केस डायमध्ये अडकते. रेंजवर अडकलेली केस म्हणजे त्या दिवसाचं काम संपलं. केस हाताला गार लागेपर्यंत थांबा. वॅक्सचा अगदी पातळ हात केसच्या धडावर फिरवा, खांद्यावर लावू नका. तिथे साचलेलं वंगण पितळेत खळगे पाडतं. काळी झालेली मान ०००० नंबरच्या स्टील वूलने दोन वेढे पुसली की पुरे.

पावडर: इथेच खरं काम अडतं

उघड्यावर वजनकाटा नीट चालत नाही, ही गोष्ट आधी मान्य केली की बरेच पैसे वाचतात. ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. आपण त्याच्या दहाव्या भागाबद्दल बोलतोय. वाऱ्याची झुळूक ताटलीला त्याहून जास्त हलवते. बॅटरीवरचे खिशातले काटे ०.१ ग्रेन दाखवतात, पण ऊन-सावली बदलली की शून्य सरकतं. ते सरकलं हे कळतं ते मध्येच प्रमाणवजन ठेवून पाहिल्यावर, आणि बहुतेक जण ठेवून पाहत नाहीत. दांडीचा काटा विजेवाचून चालतो आणि सरकत नाही, पण वाऱ्यात स्थिर होत नाही. ए अँड डीचा एफएक्स-१२०आय हा घरचा राजा आहे. ०.००१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, म्हणजे व्हार्गेटसारख्या पावडरचा एकेक दाणा मोजतो. त्याला अखंड वीज, तापलेलं यंत्र आणि निश्चल हवा लागते. त्याला घरातच राहू द्या.

मग रेंजवर काय? दोन मार्ग, आणि कोणता घ्यायचा ते अंतरावर ठरतं.

लांब अंतरासाठी पावडर घरी तोलून फिरकीच्या झाकणाच्या छोट्या नळ्यांत भरा. समजा मॅन्युअलच्या सुरुवातीच्या वजनापासून ०.३ ग्रेनच्या टप्प्याने सहा वजनं तपासायची आहेत, प्रत्येकी पाच काडतुसं: तीस नळ्या, सहा रंगांची झाकणं. प्रत्येक नळीवर पावडरचं नाव, लॉट आणि वजन. सुरुवात नेहमी खालच्या टोकापासून, मॅन्युअलच्या कमाल आकड्यापासून कधीही नाही. प्लास्टिकच्या नळीत कोरड्या हवेत स्थिर वीज साठते आणि पाच-सहा दाणे भिंतीला चिकटून राहतात; ०.०२ ग्रेनचा एक दाणा धरला तरी पाच दाण्यांत ०.१ ग्रेन गेला. कपडे वाळवताना ड्रायरमध्ये टाकतात तो कागद नळीच्या आणि नरसाळ्याच्या आतून फिरवला की हे थांबतं. नरसाळं लांब नळीचं घ्या. लांब दाण्यांची पावडर त्यातून सावकाश ओतली की केसमध्ये घट्ट बसते. भसकन ओतली तर मानेत अडते आणि बाहेर सांडते.

१०० आणि २०० यार्डांच्या बेंचरेस्टसाठी मोजमापाने पावडर पाडणारं यंत्र, आणि त्यात हॅरेल्सचं. काठाला आवळता येतं आणि जुळणी क्लिकवर होते. एका क्लिकने किती वजन बदलतं ते पावडरवर ठरतं. तासाभराने हवा बदलली की एखादा क्लिक वर किंवा खाली, आणि वहीत नोंद. वजनात ०.१ ते ०.२ ग्रेनचा फरक राहतो, पण इतक्या जवळ तो कागदावर दिसत नाही. १००० यार्डांवर तोच फरक वेगात उतरतो आणि गोळ्या वर-खाली पसरतात, म्हणून तिथे नळ्याच.

यंत्रात काय बिघडतं? हँडलचा वेग बदलला की वजन बदलतं. दर वेळी सारख्या गतीने वर, सारखा टकटक, सारख्या गतीने खाली. वरची बाटली दोन-तृतीयांशाच्या खाली गेली की पावडरचा भार कमी होतो आणि वजन उतरतं. लांब दाण्यांच्या पावडरीत दांडा फिरताना दाणा कापला गेल्याचा कचकन आवाज येतो. तो आवाज आला की ती पावडर पुन्हा बाटलीत आणि नव्याने पाडा. शेजारच्या बाकावरच्या मोठ्या रायफलचा हादरा टेबलातून यंत्रात जातो आणि पावडर बसते, म्हणून फैरी चालू असताना पाडू नका. पहिल्या पाच-सहा मापांची पावडर मोजणीत धरायचीच नाही.

टेबलावर एका वेळी एकच पावडर. दुसरी बाटली गाडीत, बंद. पिस्तुलाची पावडर तर रायफलच्या पेटीत ठेवायचीच नाही. ती रायफलच्या केसमध्ये चुकून गेली तर ॲक्शन फुटू शकते. भरलेल्या सगळ्या केस ठोकळ्यात उभ्या ठेवून टॉर्चने आत पाहा. पातळी सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. रिकामी राहिलेली एक केस म्हणजे प्रायमरच्या जोराने बॅरलमध्ये अडकलेली गोळी, आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर बॅरल फुगते किंवा फुटते.

प्रायमर

प्रायमर रेंजवरच बसवायचे असतील तर हातातलं साधन, प्रेसवरचं नको. ताटलीवाली साधनं भरभर चालतात; एकेक घालायची, के अँड एम किंवा ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरीसारखी, हाताला जास्त जाण देतात. रेंजवर वीस केसच असतात, तेव्हा दुसरीच घ्या. खळग्याच्या तळाला टेकल्याची जाणीव बोटांना झाली पाहिजे आणि प्रायमर केसच्या तळापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत बसला पाहिजे. वर राहिला तर पहिल्या ठोक्याला पेटत नाही; बोल्ट बंद होताना पेटण्याचा धोकाही असतो. लीच्या जुन्या ताटलीच्या साधनांत फेडरलचे प्रायमर वापरू नयेत, अशी कंपनीचीच सूचना आहे. प्रायमर त्यांच्या मूळ डबीतच ठेवा. बरणीत सुटे ठेवलेले शंभर प्रायमर एकत्र पेटले तर ती बरणी बॉम्ब होते.

हमखास विसरल्या जाणाऱ्या वस्तू

शेल होल्डर (प्रेसमध्ये केसचा तळ धरणारा तुकडा) विसरला तर सगळी पेटी फुकट. त्यानंतर विसरल्या जातात त्या ॲलन की, डिकॅपिंगची (जुना प्रायमर काढायची) सुटी पिन, कॅलिपरची एलआर४४ बॅटरी आणि सांडलेली पावडर गोळा करायला रंगाचा मऊ ब्रश. हातोडीसारखा कायनेटिक पुलर न्या. गोळी फार खोल बसली तर तोच कामी येतो. एक नमुना काडतूस, प्रायमर आणि पावडरशिवायचं, योग्य खोलीवर बसवलेलं, कायम पेटीत असावं. सीटरची जुळणी हलली तर ते डायमध्ये घालून पुन्हा बसवता येते. वेग मोजायला २०२३मध्ये आलेला गार्मिनचा झेरो सी१ प्रो असेल तर बॅरलला काही अडकवायची गरज नाही. रीलोडिंगच्या टेबलाइतकीच त्याची जागा पक्की आहे.

डायच्या लॉक रिंग तपासा. ओ-रिंगवाली रिंग पेटीत हलते आणि जुळणी ढळते. आडव्या स्क्रूने आवळणारी, हॉर्नेडी किंवा फोर्स्टरची, घालून घ्या. विमानाने सामन्याला जाणार असाल तर डाय, प्रेस, यंत्र चेक-इन सामानात जातात. पावडर आणि प्रायमर कोणत्याही सामानात चालत नाहीत. ते तिथेच, त्याच नावाचे विकत घ्या, आणि लॉट वेगळा असणार हे धरून वजन खाली आणून पुन्हा चढवा.

रेंजवर पोहोचताच रेंज ऑफिसरला विचारा. बऱ्याच ठिकाणी फैरीच्या रेषेवर रीलोडिंगला बंदी असते आणि मागे वेगळं टेबल असतं. सिगारेट जवळपास नको. पावडर पेटली तर तिला जळायला बाहेरच्या हवेची गरज नसते, ऑक्सिजन तिच्यातच असतो, म्हणून गुदमरवून ती विझत नाही. उघडी बाटली एकच, ती एक पौंडाची, आणि उन्हात नाही.

आवरताना यंत्रातली पावडर लगेच बाटलीत परत करा. रात्रभर यंत्रात राहिली तर ओलावा बदलतो आणि पारदर्शक प्लास्टिकवर डाग पडतात. बाटली तीच आहे ना, हे लेबल वाचून पाहा. यंत्रात कोणती पावडर होती याबद्दल जराही शंका असेल तर ती परत ओतू नका, काडतुसात तर नाहीच. वापरलेल्या प्रायमरची राखही टेबलावरून पुसून घ्या. तिच्यात शिसं असतं. जेवणाचा डबा उघडण्याआधी हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा.